ललिता पवार: १९४२ ची थप्पड, 'सातशे चित्रपट' आणि कुठल्या चित्रफिती दाखवाव्यात?

तिसरी_घंटा

आमच्या फिल्म सोसायटीत ललिता पवारांवर दीड तासाचा कार्यक्रम करायचा घाटतोय. बोलणं चाळीसेक मिनिटं, बाकी चित्रफिती. आराखडा करायला घेतला तर जिथं पाहावं तिथं तीच पाच वाक्यं: जन्म येवल्याचा, नवव्या वर्षी पहिला चित्रपट, १९४२ साली चित्रीकरणात थप्पड बसून डोळा अधू झाला, त्यामुळे नायिकेची कारकीर्द संपून खाष्ट सासू सुरू झाली, आणि एकूण चित्रपट सातशे. यावर कार्यक्रम उभा राहणार नाही.

अडलंय ते असं:

१. थप्पडेच्या आधी नायिका आणि नंतर चरित्र अभिनेत्री, अशी सरळ विभागणी तारखांवर टिकते का?
२. सातशेचा आकडा पडद्यावर टाकावा का?
३. येणाऱ्या बहुतेकांना फक्त दूरदर्शनवरच्या 'रामायण' मालिकेतली मंथरा आठवते. त्यांना काय दाखवावं, कुठल्या क्रमानं?
४. माझ्याकडच्या दोन फोटोंत बारीक डोळा वेगवेगळ्या बाजूला दिसतोय. खरा कुठला?

---

सनावळी

आधी तारखा मांडा, निम्मा गुंता तिथंच सुटतो.

जन्म १८ एप्रिल १९१६, येवला. माहेरचं नाव अंबा सगुण. जुन्या याद्यांत अंबू आणि अंबिका अशीही नोंद असते, त्यामुळे शोधताना तिन्ही नावं घाला. पहिला चित्रपट म्हणून 'राजा हरिश्चंद्र' हा १९२८ चा मूकपट सांगितला जातो. आता वजाबाकी करा. वय बारा येतं, नऊ नाही. जन्मसाल, चित्रपटाचं साल आणि 'नववं वर्ष' या तिन्हींपैकी एकाला जागा सोडावीच लागेल, म्हणून तिन्ही एका दमात बोलू नका. 'मूकपटांच्या काळात, लहान वयात' एवढं पुरेसं आहे. हा फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' नव्हे, हेही बजावून सांगा. पोस्टर शोधायला गेलं की १९१३ चीच चित्रं समोर येतात आणि कुणीतरी ती हमखास स्लाइडवर डकवतो.

पुढचा टप्पा कार्यक्रमांतून कायम गळतो. १९३२ चा 'कैलास' हा मूकपट. त्यात त्यांनी काम केलंच, शिवाय सहनिर्मितीही केली. वय सोळा. 'आलम आरा' १९३१ मध्येच येऊन गेला होता, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ चाच, म्हणजे बोलपट दारात उभा असताना काढलेला हा मूकपट. मग १९३८ चा 'दुनिया क्या है', टॉलस्टॉयच्या 'रेझरेक्शन' कादंबरीवरचा बोलपट, निर्मितीत पुन्हा त्या स्वतः. बाविसाव्या वर्षी एक मूकपट आणि एक बोलपट अशा दोन निर्मित्या नावावर असलेली बाई 'बिचारी' या विशेषणात बसत नाही. तुमच्या चाळीस मिनिटांतली पाच तरी इथं द्या.

त्यानंतर भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर', मग 'संत दामाजी', 'गोरा कुंभार'. आणि १९४१ चा 'अमृत': नवयुग कंपनीचा, मास्टर विनायकांचं दिग्दर्शन, वि. स. खांडेकरांची कथा, सोबत बाबुराव पेंढारकर आणि दादा साळवी. पहिल्या प्रश्नाचं उत्तर या चित्रपटात आहे. थप्पड १९४२ ची, 'अमृत' त्याच्या आदल्या वर्षीचा, आणि तो काही बागेत गाणी म्हणणाऱ्या नायक-नायिकेचा चित्रपट नव्हे. चरित्र भूमिकांकडची वाट आधीच दिसत होती.

आता पुढचं टोक. 'तीन वर्षं उपचार चालले' हे सगळीकडे छापलेलं असतं आणि ऐकणारा 'तीन वर्षं घरी बसल्या' असा अर्थ काढतो. पण प्रभातचा 'राम शास्त्री' १९४४ चा आहे. त्यात गजानन जागीरदारांचे रामशास्त्री आणि ललिता पवारांची आनंदीबाई. म्हणजे उपचार आणि काम जोडीनं चाललं होतं. खाष्ट सासूचा शिक्का पक्का केला तो शांतारामबापूंच्या 'दहेज'नं, १९५० साली. थप्पड ते सासू यात आठ वर्षं गेली. गोष्ट सांगताना ती आठ वर्षं कुणी मोजत नाही.

---

रीळ_सात

थप्पडेचा प्रसंग 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणातला, समोर भगवानदादा. सांगितलं जातं ते असं, की हात फार जोरात बसला, चेहऱ्याला लकवा झाला आणि डाव्या डोळ्यातली शीर फुटली. याला 'भगवान तेव्हा नवखे होते' अशी पुस्ती जोडलेली असते, तेवढी काढून टाका. भगवानदादा मूकपटांपासून काम करत होते आणि 'बहादूर किसान' या चित्रपटानं १९३८ साली दिग्दर्शकही झाले होते. १९४२ मध्ये त्यांना नवखं म्हणणं म्हणजे सनावळी न बघता लिहिणं.

पडद्यावरची थप्पड कशी मारतात हे दोन मिनिटांत समजावून सांगितलंत तर प्रेक्षकांना प्रसंग नीट कळेल. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागून तिरपा लावतात. हात गालापासून चार बोटं दुरून जातो, पण कॅमेऱ्याला ते अंतर दिसत नाही, कारण हात आणि गाल त्याच्या नजरेच्या एकाच रेषेत येतात. मार खाणारा हात समोरून जाताक्षणी मान वळवतो. लवकर वळवली तर खोटं दिसतं, उशिरा वळवली तर हात लागतो. आवाज तिसरा माणूस टाळी वाजवून देतो किंवा मागाहून भरला जातो. खरोखरच मारायचं ठरलं तर बोटं सैल ठेवून गालाच्या खालच्या मांसल भागावर, जबड्याच्या हाडाच्या वर. तळहात कानावर किंवा गालफडावर गेला की धोका. कानावर बसला तर हवा कोंडून पडदा फाटू शकतो, वर सरकला तर डोळा. दोघांपैकी एकानं अर्धं पाऊल चुकीचं टाकलं तरी हाताची जागा बदलते, म्हणून जमिनीवर खडूनं खुणा करतात.

त्या काळी आपल्याकडे आवाज बहुधा चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित व्हायचा. शिवाय युद्धामुळे कच्च्या फिल्मची टंचाई होती. १९४२ मध्येच सरकारनं पूर्ण लांबीच्या चित्रपटावर ११,००० फुटांची मर्यादा घातली. त्या दिवशीच्या अपघाताचं कारण म्हणून हे सांगू नका, पण 'परत एकदा घेऊ' हे वाक्य तेव्हा महाग होतं एवढं सांगायला हरकत नाही.

डोळ्याबद्दल. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस सातवी. तिला इजा झाली की सुरुवातीला उलटंच होतं, पापणी मिटत नाही आणि डोळा उघडा, मोठा दिसतो. नस अर्धवट सावरली तर त्या बाजूचे स्नायू कायमचे आखडतात, हसताना वा बोलताना पापणीही ओढली जाते आणि डोळ्याची फट बारीक होते. हे सर्वसाधारण वैद्यकीय वर्णन झालं. त्यांचं निदान म्हणून स्लाइडवर लिहू नका. पण चित्रफिती बघताना उपयोगी पडेल: त्यांचा डावा डोळा सगळ्यात बारीक होतो तो बोलणं वेगात असताना आणि हसताना, नुसत्या रोखलेल्या नजरेत फरक कमी जाणवतो.

चौथा प्रश्न सोपा आहे. अधू डोळा त्यांचा डावा, म्हणजे समोरून काढलेल्या फोटोत आपल्या उजव्या हाताला. उलट दिसत असेल तर फोटो उलटा छापलाय, निगेटिव्ह पालथी ठेवली गेली की असं होतं. खात्री डोळ्यावरून करू नका, कपड्यांवरून करा. नऊवारी असो वा पाचवारी, पदर डाव्या खांद्यावर असतो. नथ डाव्या नाकपुडीत असते. गुजराती पद्धतीनं उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला पदर असेल तर ही खूण फसते, मग मागची पाटी किंवा सोबतच्या पुरुषाच्या सदऱ्याची बटणं बघा. पुरुषांच्या सदऱ्यात डावी पट्टी वर असते.

---

पिटातला

चित्रफितींसाठी माझी एकच सूचना: सनावळीनं दाखवू नका, जोड्या लावा. त्यांची ताकद एका भूमिकेत दिसत नाही, एकाच वर्षातल्या दोन भूमिका शेजारी ठेवल्या की दिसते. चेहरा तोच, वय तेच, डोळाही तोच. मग फरक कुठून येतो, हे प्रेक्षक आपणहून शोधायला लागतात.

पहिली जोडी १९५५. 'श्री ४२०' मधली केळेवाली गंगामाई आणि 'मिस्टर अँड मिसेस ५५' मधल्या सीतादेवी. एक मुंबईच्या रस्त्यावर पाटी घेऊन बसलेली, दुसरी स्त्रीहक्कांची भाषणं देणारी श्रीमंत आत्या. घटस्फोटाच्या कायद्याची बाजू घेणारी ही आत्या भाचीचं खोटं लग्न ठरवते, कारण वारसाहक्काचे पैसे मिळवायला लग्न हवं, नवरा नको. केळेवालीच्या घासाघिशीच्या प्रसंगात राज कपूर गावाकडून आलेला भाबडा आहे, भाव उलटा करून स्वतःचंच नुकसान करतो, आणि बाईंच्या लक्षात येतं की हा पोरगा या शहरात टिकायचा नाही. तिथं त्यांचा आवाज बघा. भाव सांगतानाचा चढा सूर खाली येतो, पण त्या लगेच मवाळ होत नाहीत, धंदेवाईक फटकारा तसाच ठेवतात. माया दाखवायची घाई नाही. सीतादेवीत नेमकं उलट. तिथं वाक्याचा शेवट कधीच खाली येत नाही, प्रत्येक वाक्य ठरावासारखं संपतं. दोन्हीकडून अडीच-तीन मिनिटं घ्या.

दुसरी जोडी १९५९. 'अनाडी' मधल्या मिसेस डिसा आणि 'सुजाता' मधल्या बुआजी गिरिबाला. फिल्मफेअरचं सहाय्यक अभिनेत्रीचं पारितोषिक 'अनाडी'ला मिळालं, त्यामुळे सगळे तेवढंच दाखवतात. मिसेस डिसा भाड्यासाठी राजला फैलावर घेतात आणि जेवायलाही तिथंच बसवतात, हा राग-लोभ एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात बदलतो. इथं चूक व्हायची शक्यता म्हणजे मृत्यूचा प्रसंग निवडणं. भेसळीच्या औषधानं त्या जातात आणि आळ राजवर येतो, कथेच्या दृष्टीनं तो कळसच आहे. पण आधीची जवळीक न बघता तो तुटक दाखवला तर नुसता रडका वाटतो. भाड्याचा प्रसंग घ्या. 'सुजाता'त सोवळंओवळं पाळणारी म्हातारी आहे, पण बिमल रॉय तिला खलनायिका करत नाहीत आणि ललिताबाईही करत नाहीत. तिचं वागणं तिच्या दृष्टीनं सरळ आहे, म्हणूनच ते जास्त बोचतं. भुवया उडवणं नाही, दात-ओठ खाणं नाही. 'खाष्ट' म्हणून त्यांना एका खणात टाकणाऱ्यांनी हे आवर्जून बघावं.

तिसरी जोडी शम्मी कपूरची: 'जंगली' (१९६१) आणि 'प्रोफेसर' (१९६२). 'जंगली'त घरात हसायला बंदी घालणारी आई. 'प्रोफेसर'मध्ये तितकीच कडक पालक, जी म्हाताऱ्याचं सोंग घेतलेल्या शिक्षकाच्या प्रेमात पडते. लेख टंडन यांनी यात त्यांच्या आधीच्या सगळ्या सासवांच्या जोरावर विनोद उभा केलाय. प्रेक्षकाला ही बाई कठोर म्हणून ठाऊक असल्याशिवाय तिचं लाजणं हसू आणत नाही. म्हणून ही जोडी पहिल्यांदा दाखवू नका, तिसरीच ठेवा. कार्यक्रमातला सगळ्यात मोठा हशा इथं येणार आणि त्याची तयारी आधीच्या चार चित्रफिती करतील.

शेवटाला 'आनंद' (१९७१) मधली मेट्रन. हृषीकेश मुखर्जींनी 'अनाडी'नंतर बारा वर्षांनी त्यांना पुन्हा डिसा हेच आडनाव दिलं. दटावणं तेच, माया तीच, फक्त घरमालकिणीच्या जागी रुग्णालयातली अधिकारी बाई. यावर एक वाक्य बोला आणि पुढे चला, फार ताणू नका.

'दहेज' मात्र टाळा. प्रसंग दमदार आहेत, पण बाकीच्यांशेजारी तो एकसुरी वाटतो आणि लोक पुन्हा 'हीच ती सासू' या रुळावर जातात.

---

सनावळी

'दहेज' टाळा हे पटत नाही. शिक्का दाखवल्याशिवाय शिक्क्याबाहेरचं काम उठून कसं दिसणार? तुम्हीच म्हणताय की 'प्रोफेसर'चा विनोद आधीच्या सासवांवर उभा आहे. मग एक तरी सासू दाखवा की. एक मिनिट पुरे, सुरुवातीलाच.

आणि त्याला जोडून वयाचा हिशेब ठेवा, तो फार परिणाम करतो. 'दहेज'च्या वेळी त्या चौतीस वर्षांच्या. १९५२ च्या 'दाग'मध्ये दिलीपकुमारची आई. दिलीपकुमारांचा जन्म डिसेंबर १९२२ चा, म्हणजे 'मुलगा' आईपेक्षा साडेसहा वर्षांनीच धाकटा. राज कपूर डिसेंबर १९२४ चे, साडेआठ वर्षांनी धाकटे. 'जंगली'त शम्मी कपूर तिशीचे तर आई पंचेचाळिशीची, म्हणजे तिथं कुठं हिशेब जरा जुळायला लागतो. १९५० च्या दशकात त्या जितक्या म्हाताऱ्या दिसतात तितक्या त्या नव्हत्याच. ते वय रंगभूषेनं, चालण्यानं आणि आवाजानं आणलेलं आहे.

'हम दोनो' (१९६१) हाही एक बारकावा आहे. देव आनंदच्या दोन भूमिका आणि दोन आया: कॅप्टनची आई लीला चिटणीस, मेजरची आई ललिता पवार. एकाच चित्रपटात दोन मराठी नट्या, दोघीही एकेकाळच्या नायिका, आणि दोघींनी रंगवलेली आई निराळी.

---

पिटातला

एक मिनिट 'दहेज' मान्य. पण पृथ्वीराज कपूर ज्यात आहेत तो प्रसंग नको. मुलीच्या बापाच्या भूमिकेत ते पडदा व्यापून टाकतात, बाईंकडे कुणी बघणार नाही.

वयाचं बोलणार असाल तर पांढऱ्या केसांकडेही लक्ष वेधा. कृष्णधवल चित्रपटात केसांवर पांढरी पूड नुसती चोपडली की प्रकाशात त्याचा सपाट पांढरा पट्टा दिसतो, केसाची बट दिसत नाही. म्हणून कानशिलापाशी आणि भांगाच्या कडेला तेवढे केस पांढरे करतात आणि माथा करडा ठेवतात. सुरकुत्यांचंही तसंच. नुसती काळी रेघ ओढली तर ती रेघच दिसते. रेघेच्या कडेला उजळ रंग लावावा लागतो, तेव्हा ती घडी वाटते. मोठ्या पडद्यावर क्लोजअप आला की कुणाचं काम सफाईदार आणि कुणाचं घाईचं ते लगेच कळतं.

---

चोपडीवाला

सातशेबद्दल. आकडा कुणाचा, कुठल्या यादीवरून, हे कधीच लिहिलेलं नसतं. 'सत्तर वर्षांत सातशे' म्हणजे दर वर्षी दहा, तेही मूकपटाची वर्षं, उपचारांची वर्षं आणि उतारवय धरून, एकही वर्ष न गाळता. ऐन भराच्या काळात वर्षाला दहा जमतील, सरासरी दहा जमणं अवघड आहे. पडद्यावर आकडा टाकायचाच असेल तर स्वतः मोजलेला टाका, नाहीतर 'मूकपट ते दूरचित्रवाणी' असं लिहा. ते खरंही आहे आणि जास्त बोलकंही.

मोजायचं असेल तर तक्त्याचे रकाने असे करा: नाव, भाषा, साल, पात्राचं नाव, आणि पुरावा कुठला (श्रेयनामावली, गाण्यांची चोपडी म्हणजे चित्रपटासाठी छापलेली पुस्तिका, जाहिरात, की कुणाचा तरी लेख). पाचवा रकाना रिकामा असेल ती नोंद मोजायची नाही.

घोळ होतो तो बहुतेक चार ठिकाणी.

एक, द्वैभाषिक चित्रपट. 'अमृत' आणि 'राम शास्त्री' दोन्ही मराठी आणि हिंदीत निघाले. कुणी एक धरतं, कुणी दोन. काहीही धरा, पण नियम सगळीकडे एकच ठेवा.

दोन, एकाच नावाचे चित्रपट. 'अनाडी' १९५९, १९७५ आणि १९९३. 'दाग' १९५२ आणि १९७३. साल न लिहिता नुसतं नाव नोंदवलं की दोन नोंदी एक होतात किंवा एकीच्या दोन होतात.

तीन, नावं. जुन्या श्रेयनामावलीत नुसतं 'ललिता' असेल तर थांबा. ललिता देऊळकर, म्हणजे पुढच्या ललिता फडके, त्याही त्या काळात चित्रपटांत होत्या. असाच गोंधळ 'सुलोचना'चा होतो. रूबी मायर्स आणि आपल्या सुलोचना लाटकर दोघीही पडद्यावर नुसत्या 'सुलोचना'.

चार, आणि हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही: चोपडी चित्रपट लागण्याआधी छापतात. अखेरच्या संकलनात पात्र कापलं गेलं तरी चोपडीत नाव राहतं. उलट ऐनवेळी आलेला नट चोपडीत नसतो पण पडद्यावर असतो. चरित्र कलाकारांच्या बाबतीत हे जास्त घडतं, कारण लांबी कमी करायची झाली की पहिली कात्री उपकथानकावर पडते. म्हणून चोपडीवरची नोंद पेन्सिलनं, प्रिंट बघून झाल्यावर शाईनं.

चोपड्या, स्थिरचित्रं, पोस्टरं बघायला पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, विधी महाविद्यालय रस्त्यावर. १९६४ साली सुरू झालं, आता एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, छत्राखाली आहे. जाताना 'ललिता पवारांचं जे असेल ते' असं मागू नका. चित्रपटाचं नाव, भाषा आणि साल यांची यादी छापून न्या. तिथली नोंद चित्रपटाच्या नावानं असते, नटाच्या नावानं शोधायला गेलात तर दिवस जाईल. गाण्यांच्या बाजूनं पडताळा घ्यायचा तर हरमंदिर सिंह 'हमराज़' यांचा हिंदी फिल्म गीत कोश दशकवार आहे आणि त्यात प्रत्येक चित्रपटाखाली कलाकारांची नावं आहेत.

मूकपट आणि तीसच्या दशकाबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. साधारण १९५० पर्यंतची फिल्म नायट्रेटची, आपोआप कुजणारी आणि पेटणारी. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेच्या आवारातल्या कोठाराला आग लागून नायट्रेटवरचे जुने चित्रपट जळाले. त्या काळाच्या स्लाइडसाठी चित्रफीत शोधत बसण्यापेक्षा जाहिराती आणि स्थिरचित्रं शोधा.

---

तिसरी_घंटा

सगळ्यांचे आभार. जोड्या आणि एक मिनिट 'दहेज' असं ठरवतोय. दोन शंका. 'प्रोफेसर'ची आमच्याकडची डीव्हीडी आणि एका सदस्याकडची फाइल यांच्या लांबीत बराच फरक आहे, कुठली पुरी हे कसं ओळखायचं? आणि जाहीर कार्यक्रमात चित्रफिती दाखवायला परवानगी लागते का?

---

रीळ_सात

लांबी सेन्सॉर प्रमाणपत्रावरून ओळखा. प्रिंटच्या सुरुवातीला ते काही सेकंद दिसतं, तिथं थांबवून वाचा. त्यावर लांबी मीटरमध्ये असेल किंवा फुटांत, आणि रिळांची संख्याही असते. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे २७.४३ मीटर. समजा प्रमाणपत्रावर ४,००० मीटर आहे. भागिले २७.४३ म्हणजे १४५.८, साधारण १४६ मिनिटं.

पण डीव्हीडीवर १४० दिसली म्हणून लगेच सहा मिनिटं कापलीत असं समजू नका. आपल्याकडच्या दूरचित्रवाणी पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असतात, त्यामुळे तोच चित्रपट चार टक्के लवकर संपतो आणि १४५.८ चे बरोबर १४० होतात. आवाजही किंचित वर चढतो. ललिताबाईंच्या आवाजावर बोलणार असाल तर २४ चौकटींची फाइलच वापरा. १४० च्याही खाली असेल तर मात्र कात्री लागली आहे. 'प्रोफेसर'मध्ये आधी बघा ते ललिताबाईंची कडक पालक (तिचंही नाव सीतादेवीच) आणि म्हातारा प्रोफेसर यांचे प्रसंग शाबूत आहेत का. वाहिन्यांच्या प्रतींत गाणी राहतात आणि असे प्रसंग जातात.

मूकपटाचा तुकडा कुठून मिळालाच तर हा भागाकार लावू नका. सोळा चौकटींनी घेतलेली फिल्म मिनिटाला ६० फूटच जाते. १,००० फुटांचं रीळ बोलपटात अकरा मिनिटांचं, मूकपटात साडेसोळाच्या वर. माणसं लगबगीनं पळताना दिसली की वेग चुकलाय, नटाची शैली नव्हे.

---

चोपडीवाला

परवानगीचं: आपल्या कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. १९५५ च्या दोन्हींचा ३१ डिसेंबर २०१५ ला संपला, १९५९ च्यांचा २०१९ अखेर, 'जंगली'चा २०२१ अखेर, 'प्रोफेसर'चा २०२२ अखेर. 'आनंद'चा मात्र २०३१ अखेरपर्यंत आहे आणि 'रामायण' मालिकेचा त्याच्याही बराच पुढे. गाणी वेगळी धरा. गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणून चित्रफीत गाणं सुरू व्हायच्या आधी तोडा. समीक्षेसाठी छोटा उतारा दाखवायला कायद्यात सवलत आहे, तरी 'आनंद'चा तुकडा दोन मिनिटांच्या आत ठेवा आणि त्यावर बोला, नुसता लावून सोडू नका. तिकीट लावणार असाल तर हक्कधारकाला आधी पत्र टाका.

---

सनावळी

मंथरेबद्दल राहिलं. येणाऱ्यांना तीच आठवत असेल तर तिच्यापासून सुरुवात करू नका, 'आनंद'नंतर तीस सेकंद लावा. आणि सोबत १९६१ चा बाबूभाई मिस्त्रींचा 'संपूर्ण रामायण' शोधा, त्यातही मंथरा त्याच आहेत. पहिली पंचेचाळिसाव्या वर्षीची, दुसरी १९८७ मध्ये एकाहत्तराव्या. संगीत नाटक अकादमीचं पारितोषिकही १९६१ चंच, ते त्याच स्लाइडवर येईल. निधन २४ फेब्रुवारी १९९८, औंध, पुणे. हे औंध पुण्यातलं, साताऱ्याकडचं नव्हे.